सेलबर्नचे कासव

घरी पाळण्यास सर्वांत सोपा प्राणी कोणता, असा प्रश्न कोणी केला असता पुष्कळ लोक कासवाचे नाव घेतील. ते ओरडत नाही, अंगावर धावून येत नाही, त्याला फिरावयास न्यावे लागत नाही. चार पाने पुढे टाकली म्हणजे झाले, आणि एखादे दिवशी टाकावयाची राहिली तरी ते तक्रार करीत नाही. कासव सोशिक आहे ही गोष्ट खरीच आहे. परंतु ह्या सोशिकपणानेच त्याचा आजवर जितका घात केला आहे तितका त्याच्या शत्रूंनीही केला नसेल. कुत्रा उपाशी राहिला तर तो तासाभरात घर डोक्यावर घेतो. कासव उपाशी राहो, गारठो किंवा तहानेने सुको, त्याच्या चर्येत रेसभर फरक पडत नाही. आणि चुकीच्या सांभाळाचे फळ दिसावयास कित्येक महिने, केव्हा केव्हा वर्षेही लागतात. अपराध व त्याचा परिणाम ह्यांच्यामध्ये इतका काळ लोटला म्हणजे दोहोंचा संबंध धन्याच्या ध्यानातच येत नाही. तो म्हणतो, ‘काल तर चांगले होते!’ वस्तुतः ते मागील पावसाळ्यापासून मरत असते.

हे आमचे म्हणणे पटावयास इंग्लंडातील पाळीव कासवांचा इतिहास फार उपयोगी आहे. त्या देशात जमिनीवरील कासव मूळचे नाही. जी आली ती सर्व परदेशांतून, मनुष्याच्या हातून आली, व त्यांचे बरेवाईट सर्वस्वी मनुष्याच्या हाती राहिले. शिवाय तेथील लोकांना टिपणे ठेवण्याची हौस असल्यामुळे ह्या मुक्या प्राण्याचे चरित्र थोडेबहुत लिहिले गेले आहे. आपल्या भाषेत पाण्यातील व जमिनीवरील अशा दोन्ही प्राण्यांस ‘कासव’ हा एकच शब्द आहे. तेव्हा प्रथमच सांगून ठेवतो की, येथे मुख्यतः भूमध्य समुद्राच्या काठच्या कोरड्या, दगडाळ मुलखात राहणाऱ्या, पाण्यात न पोहणाऱ्या, पाला खाऊन जगणाऱ्या कासवाचा विचार केला आहे.

इंग्लंडातील जुन्या कासवांपैकी एक मोठे नाव कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम लॉड ह्याच्या कासवाचे आहे. इ. स. १६३३ च्या सुमारास ते लंडनमधील लँबेथ येथील त्याच्या वाड्यात आले असे सांगतात. पुढे १६४५ साली खुद्द लॉडचा शिरच्छेद झाला, राजाचेही तेच झाले, राजसत्ता गेली व परत आली, घराणी बदलली. कासव आपले बागेत चरत राहिले. अखेरीस १७५३ साली एका माळ्याच्या हयगयीने ते मेले. म्हणजे त्या वाड्यात त्याने सुमारे १२० वर्षे काढली. त्याचे कवच तेथे जपून ठेवण्यात आले. राज्यक्रांतीतून जो प्राणी सुखरूप पार पडला तो एका नोकराच्या निष्काळजीपणाला बळी पडावा, ह्यात पाळीव कासवाच्या सर्व इतिहासाचे सार आले आहे. परंतु त्या १२० वर्षांत ते काय खात होते, कोठे निजत होते, कोणत्या ऋतूत कसे वागत होते, ह्याविषयी आपणांस उपयोगी पडेल असे फारसे काही हाती लागत नाही. त्याचे मरण तेवढे नोंदले गेले. त्याच्या जगण्याकडे कोणी नीट पाहिले नाही.

ते पाहण्याचे काम हँपशर परगण्यातील सेलबर्न ह्या लहानशा खेड्यात राहणाऱ्या एका धर्मोपदेशकाने केले. गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) ह्याचा ‘सेलबर्नचा निसर्गेतिहास’ हा पत्ररूप ग्रंथ १७८९ साली प्रसिद्ध झाला, व तेव्हापासून तो इंग्रजी वाचकांच्या घरोघर आहे. ह्या ग्रंथातील एक नायक, ‘टिमोथी’ नावाचे कासव होय. टिमोथी मूळचे व्हाइटचे नव्हते. त्याची आत्या रिबेका स्नूक ही ससेक्स परगण्यात ल्यूइस शहराजवळच्या रिंगमर गावी राहत असे. तिच्या यजमानांनी १७४० च्या सुमारास चिचेस्टर येथे एका खलाशाकडून अर्ध्या क्राउनला, म्हणजे अडीच शिलिंगांना, हे कासव विकत घेतले होते. यजमान वारले, कासव राहिले. घराला लागून भिंतींनी बंदिस्त असे एक छोटेसे आवार होते, त्यात त्याचे वास्तव्य असे.

व्हाइट आत्याकडे जाई तेव्हा ह्या प्राण्याकडे तासन् तास लक्ष ठेवी. १७७० साली लिहिलेल्या एका पत्रात त्याने त्याची वार्षिक दिनचर्या दिली आहे. नोव्हेंबरच्या मध्यास ते जमिनीत शिरते व एप्रिलच्या मध्यास वर येते. वसंतात वर आल्याबरोबर त्याला भुकेची फारशी जाणीव नसते. भर उन्हाळ्यात ते अधाशासारखे खाते. उन्हाळा उतरू लागला की खाणे कमी होते. आणि शरदाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत ते जवळजवळ काहीच खात नाही. लेट्यूस, डँडेलियन अशा पांढरा चीक निघणाऱ्या वनस्पती त्याच्या विशेष आवडीच्या. जी म्हातारी बाई ३० वर्षांहून अधिक काळ त्याला खाऊ घालीत आली ती दिसताच ते आपल्या अवघडलेल्या चालीने लगबगीने तिच्याकडे जाई. परक्या माणसाकडे ढुंकूनही पाहत नसे.

ह्या साध्या टिपणाची किंमत त्या काळी कोणाला कळली नसावी. कासव हे आपल्या शरीराची ऊब स्वतः उत्पन्न करू शकत नाही. भोवतालच्या हवेची व जमिनीची जी उष्णता तीच त्याची. बाहेर थंडी वाढली म्हणजे त्याच्या आतड्यांचे काम मंदावते व अखेर थांबते. अशा वेळी पोटात राहिलेले अन्न पचत नाही, ते आतच कुजते. म्हणून निजण्यापूर्वी पोट रिकामे होणे हे त्याच्या जिवाला अत्यावश्यक आहे. आज जे जाणते लोक कासवे पाळतात ते शीतनिद्रेपूर्वी काही आठवडे त्यांचे अन्न बंद करतात, कोमट पाण्यात बसवून त्यांना पोटभर पाणी पिऊ देतात, व मगच त्यांना निजवतात. हा नियम पशुवैद्यांनी विसाव्या शतकात ग्रंथांतून सांगितला. परंतु रिंगमरच्या आवारात त्या प्राण्याने तो आपण होऊन पाळून दाखविला होता, व व्हाइटने तो लिहून ठेवला होता. इतकी वर्षे तो वाचणारांच्या डोळ्यांपुढे होता. पण वाचणारे त्याकडे गंमत म्हणून पाहत होते.

१७७१ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस टिमोथीने बिळासाठी माती उकरावयास आरंभ केला, तेव्हा व्हाइट तेथेच होता. पुढच्या पायांनी माती ओढून ती मागच्या पायांनी पाठीवर टाकावयाची. परंतु पाय इतके सावकाश हलत की, घड्याळाच्या तासकाट्याशीच त्यांची तुलना करावी. दुपारी ऊन पडले की काम सोडून ते बाहेर येई. १३ तारखेस व्हाइट परत निघाला तरी बीळ पुरे झाले नव्हते. त्याच पत्रात पावसाविषयीची मौज आहे. ज्याच्या पाठीवरून भरलेला गाडा गेला तरी भय नाही असे कवच धारण करणारा हा प्राणी, पावसाचे चार थेंब पडताच नटूनथटून निघालेल्या एखाद्या बाईप्रमाणे आडोशाला पळे! वाचकांस हसू येईल. परंतु ओलसर थंडी ही ह्या कोरड्या देशच्या प्राण्याची खरी वैरीण आहे. कासवाला आपल्यासारखा खोकून कफ काढता येत नाही. फुप्फुसात एकदा पाणी धरले की ते सहसा बाहेर पडत नाही. नाक वाहणे, तोंड उघडून श्वास घेणे ही लक्षणे दिसेपर्यंत दुखणे पुष्कळ पुढे गेलेले असते. टिमोथीला जेथे पळून जाता येईल असा आडोसा होता, हे त्याचे भाग्य.

मार्च १७८० मध्ये आत्या वारली व कासव व्हाइटच्या वाट्यास आले. त्या वेळी ते जमिनीत निजलेले होते. व्हाइटने त्यास उकरून काढले, तेव्हा त्याने फुसकारून आपला राग दाखविला. मग एका पेटीत माती भरून, तीत त्यास ठेवून, भाड्याच्या घोडागाड्यांतून ८० मैलांचा प्रवास करून त्याने त्यास सेलबर्नला आणले. प्रवासाच्या धक्क्यांनी त्याची झोप इतकी मोडली की, बागेत सोडताच ते दोनदा खालच्या टोकापर्यंत फिरून आले. परंतु संध्याकाळी गारठा पडताच मऊ मातीत शिरून पुन्हा नाहीसे झाले. येथून पुढे १३ वर्षे व्हाइटच्या रोजनिशीत ह्या कासवाच्या नोंदी आढळतात. तो त्यास तराजूत घालून तोली. वजन सुमारे पावणेसात पौंड भरे. एकदा त्याने त्यास पाण्याच्या टबात सोडून पाहिले. ते हळूहळू तळाशी गेले व भेदरून तळावरून चालू लागले. जमिनीचे कासव पोहत नाही, हे अशा रीतीने सिद्ध झाले. एकदा कर्णा लावून त्याने मोठ्याने हाका मारल्या; कासवाने तिकडे लक्ष दिले नाही. १७८४ च्या मे महिन्यात फाटकातून ते निसटले व आठवडाभर सापडले नाही. अखेर जवळच्या एका शेतात त्याचा शोध लागला. ह्याच वर्षी व्हाइटने टिमोथीच्या नावाने एक विनोदी पत्र लिहिले. आपणास वारंवार तोलतात, पाण्यात बुडवितात, असे गाऱ्हाणे त्या पत्रात कासवाच्या तोंडी घातले आहे. आपल्या प्रयोगांचा त्या जिवाला जाच होतो, एवढी जाणीव त्या सज्जनाला होती.

आता सेलबर्नच्या बागेत ह्या कासवाला काय काय मिळाले ते मोजून पाहू. उकरावयास खोल व भुसभुशीत माती होती. फळझाडांच्या मागे सूर्याकडे तोंड करून असलेली भिंत होती. शरदातील दुबळे ऊन अंगावर जास्तीत जास्त पडावे म्हणून टिमोथी त्या भिंतीशी आपले कवच तिरपे टेकवून बसे. भर उन्हाळ्यात कोबीच्या मोठ्या पानांची सावली होती. चरावयास नाना प्रकारचा पाला होता. फिरावयास मोकळी जागा होती. ऊन, सावली, माती, पाला व वाव ह्या पाच गोष्टी मिळाल्यावर कासव आपली प्रकृती आपणच सांभाळते. गरम व्हावे असे वाटले तर ते उन्हात जाते, निवावेसे वाटले तर सावलीत शिरते. त्याची निवड हीच त्याची औषधी. ज्या बंदिवासात ही निवड नाही तो कितीही स्वच्छ व शोभिवंत असला तरी त्यास कासवाचे घर म्हणता येणार नाही.

व्हाइटचे सर्वच निष्कर्ष बरोबर होते असे मात्र नाही. एवढे दीर्घ आयुष्य परमेश्वराने ह्या प्राण्याला का द्यावे, की जो त्यातील दोनतृतीयांशाहून अधिक भाग निरानंद गुंगीत घालवितो, असे आश्चर्य त्याने व्यक्त केले आहे. जून महिन्यात टिमोथी पहाटे उठून कुंपणातील फटी शोधू लागे. ही त्याची प्रणयव्याकुळता होय असे व्हाइटने ठरविले. १७९३ च्या जूनमध्ये व्हाइट वारला. पुढच्या वसंतात, म्हणजे १७९४ साली, टिमोथीही गेले असे मानतात. त्याचे कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. पुढे तज्ज्ञांनी ते तपासले तेव्हा असे दिसून आले की, टिमोथी ही मादी होती! नराच्या पोटाखालची ढाल आत दबलेली असते, मादीची सपाट असते. शेपटीतही फरक असतो. ५० वर्षांहून अधिक काळ जिला घरच्या मंडळींनी पुरुषाच्या नावाने हाक मारली तिचे खरे रूप मरणानंतर कळले. मराठीत कासव हा शब्द नपुंसकलिंगी असल्यामुळे आमची ह्या लेखात सोय झाली, एवढेच. तथापि व्हाइटच्या चुका पुढच्यांना सुधारता आल्या, कारण त्याने पाहिलेले व त्यावरून काढलेले अनुमान ही दोन्ही वेगळी ओळखू येतील अशा रीतीने लिहून ठेविली होती. सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर ह्या लेखिकेने १९४६ साली त्याच्या पत्रांतील व रोजनिशीतील कासवाविषयीचे उतारे एकत्र करून एक स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले.

टिमोथीच्या मागून जी कासवे इंग्लंडात आली त्यांचे दैव निराळे होते. एकोणिसाव्या शतकात व्यापार वाढला, आगबोटी सुरू झाल्या, व कासव हा खलाशाने हौसेने आणलेला एखाददुसरा जीव न राहता घाऊक माल बनला. लंडनच्या गोरगरिबांविषयी हेन्री मेह्यू ह्याने १८५१ च्या सुमारास जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला त्यात रस्त्यावर जिवंत कासवे विकणारांचेही वर्णन आहे. विसाव्या शतकात तर उत्तर आफ्रिका, ग्रीस, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया इत्यादी देशांतून लक्षावधी कासवे ब्रिटनमध्ये गेली. ती खोक्यांतून व टोपल्यांतून एकावर एक रचून नेली जात. वाटेत पुष्कळ मरत. जी पोहोचत त्यांतील फार मोठ्या भागास पहिला हिवाळा सोसत नसे.

असे का व्हावे? विकत घेणारे लोक काही निर्दय नव्हते. बहुतेक कासवे मुलांसाठी घेतली जात, व घरातील मंडळी त्यांच्यावर माया करीत. परंतु ती माया माहितीवाचूनची होती. कासव पळू नये म्हणून कवचाच्या कडेला भोक पाडून दोरी बांधीत. कवच म्हणजे अंगावर चढविलेले चिलखत, अशी लोकांची समजूत. वस्तुतः ते पाठीचा कणा व बरगड्या ह्यांच्याशी एकजीव झालेले जिवंत हाड असून वरचा नखासारखा थर तेवढा निर्जीव असतो. तेथे भोक पाडणे म्हणजे जिवंत हाडाला गिरमिट लावणे होय. दुसरी माया पावदुधाची. पाल्यावर जगणाऱ्या ह्या प्राण्याच्या आतड्यांना दूध मानवत नाही व मऊ पावात त्याला लागणारा चोथा व चुना नसतो. परंतु ते चाटून खाई म्हणून लोक घालीत. तिसरी चूक सर्वांत घातक. ऑक्टोबर आला की कासवाला गवत भरलेल्या खोक्यात घालून माळ्यावर किंवा बागेतील लाकडी खोपीत ठेवून देत व वसंतापर्यंत विसरून जात. खोप फार थंड झाली तर पाणी गोठून त्याचे डोळे जात. माळा फार उबदार झाला तर ते अर्धवट जागे राहून अंगातील साठा जाळीत बसे. उन्हाळ्यात पुरेसे न खाल्लेले, आधीच रोडावलेले कासवही त्याच खोक्यात जाई. एप्रिलमध्ये खोके उघडीत तेव्हा आत जे असे त्यास मुले ‘अजून झोपले आहे’ असे म्हणत. मेलेले कासव व निजलेले कासव ह्यांत बाहेरून फारसा फरक दिसत नाही, आणि ह्या एका गोष्टीमुळे एवढा मोठा संहार घरोघर होत असूनही कोणाच्या मनाला तो बोचला नाही.

ह्या गर्दीत एखादे कासव नशीबवान निघे. १८५४ साली एका पोर्तुगीज जहाजावर सापडलेले कासव ‘क्वीन’ ह्या इंग्रजी युद्धनौकेवर राहिले व क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलवरील तोफमाऱ्याच्या वेळी ते त्या नौकेवर होते. पुढे ते डेव्हन परगण्यातील पाउडरम येथील किल्लेवजा वाड्यात आले. त्याचेही नाव टिमोथी! १९२६ साली त्याचे लग्न लावावे असा बेत झाला तेव्हा कळले की, हीदेखील मादीच आहे. ती २००४ साली सुमारे १६० वर्षांची होऊन वारली. आपण फार वृद्ध असून आपणास कृपा करून उचलू नये, अशा अर्थाची एक चिठ्ठी तिच्या अंगावर बांधलेली असे. एका घराण्याच्या पिढ्यांनी एक बाग, एक भिंत व एक सवय तिच्यासाठी कायम राखली, हेच तिच्या आयुष्याचे गमक.

सुधारणा झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील मुलांच्या ‘ब्लू पीटर’ ह्या कार्यक्रमात १९६३ पासून एक कासव होते. दर शरदात त्याला हिवाळ्याच्या पेटीत कसे निजवावे हे दाखविले जाई, व पुष्कळ घरांना हा पहिलाच धडा होता. (ह्याचेही प्रथमचे नाव ‘फ्रेड’, व मागाहून ‘फ्रेडा’ करावे लागले!) १९७८ च्या सुमारास ऑलिफंट जॅक्सन नावाच्या पशुवैद्याने पुष्कळ कासवांची लांबी व वजन मोजून एक कोष्टक तयार केले. अमुक लांबीच्या कासवाचे वजन अमुक असले तर ते निजवावे. त्याहून कमी भरले तर त्या हिवाळ्यात त्यास निजवू नये, उबेत ठेवून खाऊ घालावे. एक तराजू व एक मोजपट्टी एवढ्यावर कित्येकांचे प्राण वाचू लागले. व्हाइटने हौसेखातर केलेले वजन अशा रीतीने दोन शतकांनी वैद्यकात आले. पुढे १९८४ साली युरोपीय राष्ट्रसमूहाने ह्या भूमध्य कासवांचा व्यापार बंद केला. तेव्हापासून लोक असलेली कासवे सांभाळू व त्यांची पिले घरी वाढवू लागले. जी वस्तू सहज पुन्हा मिळत नाही तिची काळजी मनुष्य अधिक घेतो.

आज जाणते धनी हिवाळ्यात कासवास शीतकपाटात निजवितात हे ऐकून आमच्या वाचकांस विस्मय वाटेल. परंतु त्यात विचार आहे. झोपेसाठी उष्णता सुमारे ५ अंश सेंटिग्रेड हवी. शून्याखाली गेली तर अवयव गोठतात, १० च्या वर गेली तर जाग येते. असा समतोल खोपीपेक्षा शीतकपाटात चांगला राहतो. मात्र दार अधूनमधून उघडून हवा बदलावी लागते व दर आठवड्यास वजन पाहावे लागते. जी कासवे घरात ठेवली जातात त्यांच्यावर अतिनील किरणांचा दिवा लावतात, कारण सूर्यप्रकाशावाचून त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यावाचून चुना हाडांत जात नाही, व कवच मऊ पडते. काचेतून येणारे ऊन ह्या कामी पडत नाही. पाळलेल्या कासवांच्या पाठीवर पुष्कळदा टेंगळे येतात. हा फार पौष्टिक खाण्याचा दोष असे बराच काळ मानीत. २००३ साली व्हिएन्ना येथील वीस्नर व इबेन ह्या संशोधकांनी आफ्रिकेतील एका जातीच्या पिलांवर प्रयोग करून दाखविले की, ह्या टेंगळांशी हवेच्या कोरडेपणाचा संबंध आहाराहूनही अधिक आहे. ओल्या थंडीने कासव मरते आणि कोरड्या उष्णतेत पिलाची पाठ बिघडते. म्हणून एकच एक नियम न करता दमट मातीचा एक कोपरा व कोरड्या उन्हाची एक जागा, अशी दोन्ही ठेवणे भाग आहे.

ह्या इतिहासाचा आपणांशी संबंध काय, असे कोणी विचारील. कलकत्त्याच्या आलिपूर येथील प्राणिसंग्रहालयात ‘अद्वैत’ नावाचे एक महाकाय कासव होते. ते मूळचे हिंदी महासागरातील आल्डाब्रा बेटाच्या जातीचे. ते रॉबर्ट क्लाइव्हच्या काळापासून बराकपूरच्या बागेत होते, अशी आख्यायिका आहे. १८७५–७६ च्या सुमारास ते आलिपुरास आले. २००५ च्या अखेरीस त्याचे कवच तडकले, आतील मांसास जखम झाली, व मार्च २००६ मध्ये ते मरण पावले. साम्राज्ये पाहिलेल्या ह्या प्राण्याचा शेवट एका फटीतून झाला, तेव्हा कवच हे चिलखत नव्हे ह्याची प्रचीती आपल्या देशातही आली.

आपल्याकडे चांदण्यांच्या नक्षीचे जे सुंदर तारा कासव आहे ते पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, व २०१९ साली त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही सर्वस्वी निषिद्ध झाला. तरीही घरात कासव असले म्हणजे लक्ष्मी येते अशा समजुतीने चोरटी खरेदी होते. ह्या कायद्याच्या भयाने म्हणा किंवा शहरातील लहान बिऱ्हाडांमुळे म्हणा, पुष्कळ घरी आता काचेच्या पेटीत कानामागे तांबडा पट्टा असलेले परदेशी पाणकासव आढळते. हे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. दुकानात ते रुपयाएवढे दिसते. पुढे ते वीतभर किंवा त्याहूनही मोठे होते. त्याला पोहावयास खोल पाणी, वर येऊन अंग वाळवावयास कोरडी फळी, व उघडे ऊन ही हवीत. नुसत्या वाळलेल्या कोळंबीवर ठेवल्यास त्याचे डोळे सुजतात व कवच मऊ पडते. पेटीचे पाणी हाताळल्यावर मुलांनी हात साबणाने धुतलेच पाहिजेत, कारण ह्या प्राण्यांच्या अंगी सॅल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात. अमेरिकेत ह्याच कारणास्तव १९७५ साली लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. आणि ते मोठे झाले म्हणून जवळच्या तळ्यात सोडून देणे हे तर पुण्य नसून पाप आहे. ते तेथे आपल्या देशी कासवांच्या तोंडचा घास व बसावयाची जागा बळकावते.

आपल्या शिवालयांत सभामंडपाच्या फरशीत दगडाचे कासव असते. इंद्रिये आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाला गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कासवाचीच उपमा दिली आहे. मनुष्याने त्याच्यापासून संयम शिकावा हे योग्यच. परंतु आमच्या संतवाङ्मयात ह्याहून गोड अशी दुसरी एक कल्पना आहे, ती ‘कूर्मदृष्टी’ची. कासवी आपल्या पिलांना दूध पाजीत नाही. ती दुरून नुसती त्यांच्याकडे पाहते व त्या प्रेमळ दृष्टीनेच पिले वाढतात, असे संत सांगतात. प्राणिशास्त्र ह्याला मान्यता देणार नाही. कासवी मातीत अंडी घालून निघून जाते. पिलू जन्मतः पोरके असते. परंतु जे पिलू मनुष्याने आपल्या घरी आणले त्याच्या बाबतीत संतांची ही कल्पना अक्षरशः खरी ठरते. ज्याला रडता येत नाही, मागता येत नाही, दुखले तर सांगता येत नाही, त्याच्यावर धन्याची दृष्टी हेच त्याचे अर्धे अन्न. आज ते किती चालले, काय खाल्ले, कोठे बसले, वजन घटले की वाढले, हे जो रोज पाहील त्याच्याच घरी ते जगेल. रिंगमरची ती म्हातारी शास्त्र शिकली नव्हती, व तिच्या भाच्याजवळ दिवा, कोष्टक, शीतकपाट ह्यांतील काहीही नव्हते. तरी त्या दोघांच्या नजरेखाली एका परदेशी जिवाने अर्ध्या शतकाहून अधिक काळ काढला. पुढे साधने वाढली, कायदे झाले. आणि त्या साऱ्यांचे काम, नजर कोठे व केव्हा ठेवावी हे सांगण्यापुरतेच आहे. ती ठेवणे ज्यास जमणार नाही त्याने देवळातील दगडाच्या कासवास नमस्कार करून घरी यावे. जिवंत कासव घरी आणू नये.